पिशवीतलं ताट

आमच्या घरमालकांसमोर 'टाकून द्या' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते मान वर करून, खरोखर पत्ता विचारावा तसं विचारायचे, "कुठं?"

"कुठं म्हणजे? कचऱ्यात."

"आन् कचरा कुठं जातोय?"

"घंटागाडीत."

"आन् घंटागाडी?"

इथवर आलं की बहुतेक माणसांना काहीतरी काम आठवायचं. मी एकदा हट्टाने शेवटपर्यंत गेले. घंटागाडी, मग गावाबाहेरचा ढीग, मग पावसात ओढा, मग पंचगंगा. तिथं मालक थांबले आणि म्हणाले, "आन् तुमच्या नळाला पाणी कुठनं येतंय, ताई?" त्यानंतर त्यांच्याशी वाद घालायचा असला तर मी आधी चहा पिऊन घ्यायची.

कोल्हापूरजवळच्या उचगावात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नवरा शिरोलीच्या एका कारखान्यात, मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर. दोघंही सांगली जिल्ह्यातले, म्हणजे मालकांच्या लेखी परमुलखातले. माझ्या नवऱ्याला ते अखेरपर्यंत 'पावणं' म्हणत राहिले. आम्हाला त्यांच्याकडे इतकी वर्षं झाली की आमचा मुलगा त्यांच्या अंगणात चालायला शिकला आणि तिथूनच कॉलेजला गेला, पण पावणं ते पावणंच.

मालक अंगाने ठेंगणे, आवाजाने उंच. खाकी अर्धी चड्डी, बनियन, खांद्यावर टॉवेल आणि दोन्ही हातांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग. उभा जन्म त्यांनी फाउंड्रीत काढला होता. तिथे फसलेलं ओतकाम कुणी फेकत नाही. वाकडं आलं, भोक पडलं, तडा गेला, तरी ते परत भट्टीत जातं आणि नव्या साच्यातून नवं होऊन येतं. जन्मभर हे बघितलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, आणि घरात बघतो तर काय, परत भट्टीत जाणारं एकही नाही. हे आपलं माझं निदान. त्यांनी स्वतः कधी कारण सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "कारण कशाला लागतंय? घाण करायची न्हाई, येवढंच की."

एवढंच म्हणायचे, पण त्या एवढ्यात आमचा जीव मेटाकुटीला यायचा. आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा न्हाणीघरात शॉवरच्या जागी बूच मारलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "शॉवरला डोकं नसतंय. बादलीला तळ असतोय." दिवसा आमच्या खोलीत दिवा दिसला की अंगणातून आरोळी यायची, "पावणं, सूर्य उगवलाय न्हवं?" तांदळाचं धुवण खाली मोरीत गेलेलं त्यांना आवाजावरून कळायचं, कारण ते दोडक्याच्या वेलाला घालायचं असा दंडक होता. पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की मालक हातात बादली घेऊन असे धावायचे की कुणाचं मूल आडात पडलंय असं वाटावं. टाकी त्यांचीच असायची असं नाही. पलीकडच्या गल्लीतलीसुद्धा चालायची.

सगळ्यात त्रास दिला तो दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याने. आपण सगळे पिशवीचा कोपरा कात्रीने उडवतो आणि तो नखाएवढा त्रिकोण कुठेतरी जातो. मालकांचं म्हणणं, मोठी पिशवी भंगारवाला नेतो, पण तो तुकडा कुणी नेत नाही. म्हणून पिशवीला नुसती चीर द्यायची, कोपरा लोंबता ठेवायचा. मी सकाळच्या घाईत विसरायची. मग दुपारी मालक जिना चढून वर यायचे आणि तळहातावर तो निळा तुकडा धरून म्हणायचे, "ताई, ह्ये तुमचंच न्हवं? अंगणात पडलंतं." कानातलं सापडल्यावर परत द्यायला यावं इतक्या अदबीने. मला असा राग यायचा! पण आज माझ्या हातून कोपरा कापला जात नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू निपाणीकडच्या. रागावल्या की मराठी सोडून कानडीत शिरायच्या, आणि दिवसातून एकदा तरी त्यांचा "साकू!" घुमायचा. साकू म्हणजे पुरे. दाराशी खिळ्यांवर मालकांच्या पिशव्यांची रांग होती, जुन्या छत्रीच्या कापडाची, पडद्याची, खुद्द काकूंच्या परकराची. आपला परकर भाजीमंडईत मिरवतोय हे काकूंना मुळीच मानवत नव्हतं. मालक दुपारी आडवे झाले की त्या गुपचूप फुटके डबे, वितळलेल्या झाऱ्या, मोडक्या चाळण्या पदराखाली घेऊन घंटागाडी गाठायच्या. मला जिन्यात बघून ओठावर बोट ठेवायच्या. "सांगू नको हं. ह्यांच्या नादानं घर न्हाई, भंगारचं दुकान झालंय."

रविवारी मालक मिसळ आणायला निघायचे ते हातात पितळी किटली घेऊन. मिसळवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "आला बघा किटलीवाला! त्येंचा कट आधी घाला, न्हाईतर भाषण ऐकावं लागंल." मालक हसायचे, कट किटलीत, फरसाण डब्यात, पाव टॉवेलात गुंडाळायचे. हसण्याचं त्यांना काही वाटायचं नाही. एकट्याने वेगळं वागणाऱ्याला लोक हसणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पण ताटाचं तसं नव्हतं.

लग्नाकार्याला जाताना मालक एक पिशवी न्यायचे. तिच्यात स्टीलचं ताट, वाटी आणि पेला. ताटाच्या कडेवर त्यांच्या आईचं नाव घातलेलं. कार्यात वापरून फेकायची ताटं मांडलेली असली की मालक आपलं ताट काढून पंगतीत बसायचे, जेवायचे, धुऊन पिशवीत ठेवायचे. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पण आपल्याकडे ताट म्हणजे नुसतं जेवायचं भांडं नसतं. कोण कुणाच्या ताटात जेवतो आणि कोण जेवत नाही, यावर पिढ्यानपिढ्या माणसं तोलली गेली आहेत. मालकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्यांच्या ध्यानातच यायचं नाही.

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला मी त्यांना तिघांना, म्हणजे मालक, काकू आणि त्यांची मुलगी अश्विनी, वर जेवायला बोलावलं. खीर केली होती. नवी ताटं काढली होती. पानं मांडून झाली, आणि मालकांनी बसता बसता पिशवीतून आपलं ताट काढून माझ्या ताटाच्या जागी ठेवलं.

माझ्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. माझ्या आजीला गावच्या हॉटेलात कप वेगळा होता, बाहेर खिळ्याला टांगलेला. ती स्वतः तो काढायची, स्वतः विसळायची, परत टांगायची. हे मी पाहिलेलं नाही, पण आईने इतक्यांदा सांगितलंय की तो खिळासुद्धा मला दिसतो. आणि आता माझ्या घरात, मी रांधलेलं जेवायला बसलेला माणूस आपलं भांडं वेगळं घेऊन आला होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत 'जाऊ दे' होतं. मी जाऊ देणार नव्हते.

"मालक," मी म्हटलं, "आमच्या ताटांना काय झालंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या ताटाकडे, मग बाजूला सरकवलेल्या माझ्या ताटाकडे. काकूंना त्यांच्याआधी उमगलं. त्यांनी कपाळावर हात मारला, "अय्यो!" आणि मग मालकांचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही.

"सवय हो, ताई," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी पहिल्यांदाच ऐकला. "जेवाय चला म्हटलं की पिशवी घ्यायची. चप्पल घालतो तसं. कुणाच्या घरात चाललोय बघितलंच न्हाई मी." मग म्हणाले, "तुमच्या मनात काय आलं असंल त्ये मला कळतंय. म्हणून तर लाज वाटाय लागलीय."

मग त्यांनी आपलं ताट, आईच्या नावाचं, उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. माझं ताट स्वतःपुढे ओढलं. "तुम्ही ह्यात जेवा. मी तुमच्यात. वाढा आता."

मी त्यांच्या आईच्या ताटात जेवले. राग लगेच गेला असं सांगणार नाही. खीर गोड लागली नाही मला त्या दिवशी. पण माणूस समजला. चूक कळल्यावर तिच्यावर माती लोटणारे पुष्कळ बघितलेत, ती जिथल्या तिथे निस्तरणारे कमी.

जेवणं झाल्यावर काकू माझ्याबरोबर भांडी आवरायला स्वयंपाकघरात आल्या आणि बांध फुटल्यासारख्या बोलल्या. मुरगूडचं स्थळ आलं होतं अश्विनीला. मुलगा चांगला, शेती चांगली. ही मंडळी घर बघायला गेली. त्यांनी वापरून फेकायच्या ताटांत जेवण वाढलं, आणि मालकांनी पिशवी उघडली. मुरगूडकरांनी तोंडावर काही म्हटलं नाही. आठवड्याने निरोप आला, आमच्या घरचं ताट ज्यांना चालत नाही त्यांची मुलगी आम्हाला कशी चालणार. ती गोष्ट सगळ्या नात्यागोत्यात फिरली. अश्विनीला स्थळं येईनाशी झाली. "तवा ह्ये म्हटले, समजून घेणारी न्हवती, बरं झालं सुटलो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. मग कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं, "मी किती सांगितलो. ऐकत्यात कुठं!"

मुरगूडकर समजूतदार नव्हते असं म्हणून मालकांनी स्वतःला सोडवून घेतलं होतं. माझ्या घरी मात्र त्यांना पळवाट सापडली नाही. त्यानंतर ते पिशवी उघडायच्या आधी यजमानाला बाजूला घेऊन हात जोडून सांगायचे की तुमच्यात काही कमी नाही, मी फेकायच्या ताटात जेवत नाही, एवढंच. पण ताट नेणं त्यांनी सोडलं नाही.

पुढे अश्विनी एका शाळेत शिकवायला लागली. तिशी गाठली, ओलांडली. आणि मग तिचं तिनेच जमवलं. मुलगा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. दोन्ही घरांनी होकार दिला, साखरपुडा मुलाकडे करायचा ठरला. तेव्हा एका संध्याकाळी अश्विनी वर आली आणि दार लावून घेतलं.

"वहिनी, अप्पांना तुम्ही सांगा."

"काय?"

"पिशवी घरात ठेवाय सांगा. त्या दिवसापुरती. माझं ऐकून घेतील, पण ऐनवेळी काढतील. तुम्ही सांगितलं तर ठेवतील." मग ती रडायला लागली. एरवी वर्गात आवाज चढवणारी मुलगी. "परत मुरगूड झालं तर मी काय करू?"

मी खाली गेले. मालक ओट्यावर बसून बादलीच्या कडीला तार गुंडाळत होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. म्हटलं, तुम्ही हात जोडून सांगाल, पण साखरपुड्याला शंभर माणसं बघतील आणि सांगायला तुम्ही एकेकाकडे जाणार नाही. पोरीचं अर्धं आयुष्य या ताटापायी थांबलंय. एक दिवस सोडा.

ते तार गुंडाळत राहिले. शेवटचा वेढा आवळून म्हणाले, "ठेवतो घरात."

मी उठले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पर त्या ताटाचं काय करायचं, ताई? जेवून झाल्यावर?"

"फेका की मालक एक दिवस. सगळे फेकतात."

"कुठं?" ते म्हणाले. त्यात नेहमीची खोडी नव्हती. ते खरंच विचारत होते.

साखरपुड्याला आम्हीही गेलो. इचलकरंजीच्या त्या गल्लीत भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येत होता, इतका की बोलताना प्रत्येकजण वाकून दुसऱ्याच्या कानाशी बोलत होता. मालकांच्या हातात पिशवी नव्हती. रिकामा हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे ते सारखे टोपी नीट करत होते. अंगठ्या झाल्या, ओटी भरली. मग जेवणाच्या टेबलांवर चकचकीत प्लॅस्टिकची, खणाखणाची ताटं मांडली गेली. अश्विनी आपल्या जागेवरून बापाकडे बघत होती. काकू तर देवाचं नाव घेत होत्या.

मुलाचे वडील मालकांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं. ते आपणहून म्हणाले, "पावणं, मनात काय आणू नका. आमच्याकडं पाणी रोज येत न्हाई हो. येवढी ताटं धुवायची म्हटली तर टँकर बोलवावा लागंल."

मालकांनी मान हलवली. "व्हय. खरं हाय तुमचं. हे माझ्या डोक्यात आलं न्हवतं." इतक्या वर्षांत त्यांना दुसऱ्याचा मुद्दा मुकाट्याने घेताना मी पहिल्यांदा बघितलं.

आणि ते जेवले, त्या ताटात. भात, आमटी, जिलेबी, सगळं. शेवटी चपातीच्या तुकड्याने एकेक खण असा पुसून घेतला की ताट पुन्हा मांडता आलं असतं. लोक उठायला लागले, ताटं एका मोठ्या पिंपात पडायला लागली. मालक मात्र बसून राहिले. त्यांनी पेल्यात उरलेलं पाणी ताटावर फिरवलं, ते पाणी दाराशी कुंडीत ओतलं, टॉवेलने ताट पुसलं आणि काखेत धरलं.

मुलाच्या आईने ते बघितलं. "अहो, ह्ये काय? टाका की तिकडं पिंपात."

मालकांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी अश्विनीकडे बघितलं. मग म्हणाले, "पोरीच्या साखरपुड्याचं ताट हाय हो. घिऊन जातो घरात."

त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला. मुलाच्या वडिलांनी मालकांचा हात धरला. थोड्याच वेळात अख्ख्या मांडवात झालं, बाप बघा कसा, पोरीच्या साखरपुड्याचं ताट जपून नेतोय! ज्या खोडीने मुरगूडचं स्थळ मोडलं, त्याच खोडीने इचलकरंजीचं जन्माचं जुळलं. माणसं काय बघतात आणि काय धरतात याचा काही नेम नाही.

परतीच्या जीपमध्ये ताट त्यांच्या मांडीवर होतं. मला राहवेना. "मालक, खरं सांगा. आठवण म्हणून आणलंत, का फेकवेना म्हणून?"

ते बाहेर उसाकडे बघत होते. म्हणाले, "तुम्हाला काय वाटतंय त्ये धरा."

ते ताट मग गच्चीच्या कट्ट्यावर गेलं. एका खणात पाणी, एकात कण्या, एकात भाताची शितं. चिमण्या यायच्या, साळुंक्या यायच्या. मालक रोज सकाळी ते विसळून भरायचे आणि मला वरूनच सांगायचे, "ह्ये मरत न्हाई बघा, ताई. एका जेवणासाठी केलंय आन् तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या मागं राहतंय. केवढा येडेपणा!" काकू खालून ओरडायच्या, "साकू! नाष्टा गार झाला!"

पुढे आम्ही कोल्हापुरात स्वतःचं घर घेतलं. निघताना मालकांनी मला एक पिशवी दिली, छत्रीच्या कापडाची. ती अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि मालक झोपेतच गेले. मी माहेरचं माणूस गेल्यासारखी रडले. मला त्यांची आठवण येते ती कुठल्या मोठ्या प्रसंगाला नाही. नळ उघडा राहिला की येते, दुधाची पिशवी हातात घेतली की येते. म्हणजे रोज येते.

परवा उचगावला गेले होते. अश्विनी इचलकरंजीहून आईकडे आलेली होती. काकू थकल्यात, पण चहा स्वतःच करतात. आम्ही तिघी गच्चीत बसलो. कट्ट्यावर ते ताट होतं. उन्हाने पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याचा तुकडा उडालेला, त्या खणात पाणी थांबत नव्हतं. खाली दाराशेजारच्या खिळ्यांवर पिशव्यांची रांग तशीच होती, परकराच्या कापडाचीसुद्धा.

अश्विनी ताटाकडे बघून म्हणाली, "अव्वा, फुटलंय की ते. नवं आणून देते चांगलं मातीचं. हे टाकून दे आता."

काकू तांदूळ निवडत होत्या. पदराखाली डबे लपवून घंटागाडी गाठणारी ही बाई. त्यांनी मान वर केली.

"कुठं?"

अश्विनी उठली, ताट उचललं, फुटका कोपरा जरा वर राहील असा त्याखाली विटेचा तुकडा सरकवला आणि उरलेल्या खणांत पाणी भरलं.